मुलांना घेऊन हॉटेलात जेवताना



लहान मुलांना घेऊन हॉटेलात जेवायला जाणं हा काय प्रकार असतो, हे ज्यांच्या घरी दोन ते सहा वर्षांचं मूल आहे त्यांना सांगायला नको. ताट यायच्या आधी पाण्याचा ग्लास सांडलेला असतो. भूक लागली म्हणून रडणारं मूल जेवण समोर आलं की शू आली म्हणतं. शेजारच्या टेबलावरची माणसं आधी कौतुकाने बघतात, दहा मिनिटांनी कपाळाला आठ्या घालून बघतात. मग आपण पर्समधून मोबाइल काढतो, मुलासमोर ग्लासाला टेकवून उभा करतो आणि कसेबसे चार घास घशाखाली ढकलतो. घरी येताना ठरवतो, आता पोरं मोठी होईपर्यंत बाहेर जेवण बंद.

आम्हाला ते बंद करता आलं नाही. कारण आमचं घरच बाहेर आहे.

आम्ही दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. मूळचे सांगोला तालुक्यातले, नोकरी तलासरी तालुक्यात. ह्या जूनला अकरा वर्षं झाली. सासूबाई अजून शेजारणींना सांगतात, "आमची पोरं परमुलखात असतात." त्यांचं काही अगदीच चुकत नाही. आमच्या खोलीपासून गुजरातची हद्द दहा-पंधरा मिनिटांवर. नाक्यावरच्या पाट्या गुजरातीत, दुकानदार हिंदीत बोलतो, शाळेतली मुलं आपसात वारलीत नाहीतर धोडियात बोलतात आणि घरात आमची माणदेशी चालू असते. गावी शेजारच्या काकूंकडे पोरं टाकून बाजारात जाता येतं, इथे तसं कोणी नव्हतं. प्रशिक्षणाला पालघरला जाऊन रात्री परतलो, निवडणुकीचं काम लागलं, घरात एकजण तापाने पडलं, की पोरांना घेऊन हायवेवरचं हॉटेल गाठायचं. म्हणजे हौस कमी, गरज जास्त. माझी मोठी मुलगी आता सात वर्षांची आहे, धाकटा चार. दोघांनीही कितीतरी भाताचे घास मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे ट्रक मोजत खाल्लेत.

भाषेची गंमत सांगते. मोठी साडेतीन वर्षांची असताना वरण अळणी लागलं म्हणून तिने वेटरला स्वतःहून सांगितलं, "मीठ पाहिजे." तो बिचारा राजस्थानचा. त्याने ऐकलं 'मीठा'. हसत हसत आत गेला आणि वाटीत गुलाबजाम घेऊन आला. हिने वाटी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मीठ मागायचा विषयच सोडून दिला. गल्ल्यावरच्या गुजराती मालकाला ते कळलं, कारण त्यांच्याकडेही मिठाला 'मीठुं'च म्हणतात. त्याने मिठाची डबी पाठवली आणि गुलाबजामाचे पैसे लावले नाहीत. त्या दिवसापासून आमची मुलगी सगळ्या हॉटेलांत 'मीठ' मागायला लागली.

आता अनुभवातून जे हाताशी लागलं ते सांगते. नियम म्हणून नका घेऊ, आपापल्या पोरांच्या मानाने बघा.

एक तर वेळ. साडेसातच्या आत जा. आठनंतर हायवेच्या हॉटेलात गाड्या लागतात, ऑर्डरला पाऊण तास लागतो आणि तोवर मुलाची झोपेची वेळ होते. उपाशी आणि पेंगुळलेलं मूल कोणाचंच नसतं. दुसरं म्हणजे मेनूकार्ड चाळत बसण्याआधी मुलाचा भात, दही, पापड सांगून टाका. आपलं सावकाश ठरवा. भाजी 'तिखट नको' म्हणून सांगून उपयोग नसतो, कारण ग्रेव्ही सकाळीच केलेली असते. दक्षिण गुजरातकडची गोडसर डाळ मात्र लहान मुलांना देवासारखी. सोलापूरकडच्या माणसाला ती डाळ गिळवत नाही हे खरं, आमच्या घरी अजून ह्यावरून भांडण होतं, पण पोरं वाटी पुसून खातात. आणि टेबल निवडताना खिडकीचं. ट्रक, टँकर, कंटेनर, त्यांच्यामागे लिहिलेलं. माझ्या मुलीला अंक ओळख पहिलीत नाही झाली, ती गाड्यांच्या नंबर प्लेटवर झाली. 'एमएच' आणि 'जीजे' वेगळे ओळखणं हा आमचा जेवण येईपर्यंतचा खेळ.

थंडीत आमच्याकडे आणखी एक सोय असते. हायवेच्या कडेला उंबाडियूचे ठेले लागतात. मातीच्या मडक्यात वालपापडी, कंद, रताळी, बटाटे झाडपाल्यात दडपून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती आग करतात. तेलाचा थेंब नाही. खुर्ची नाही, टेबल नाही, चमचा नाही. कागदावर गरम कंद, बाजूला हिरवी चटणी आणि ताक. लहान मुलांना घेऊन खायला ह्याच्याइतकी चांगली जागा मी बघितली नाही. सांडलं तर जमिनीवर, उठून पळालं तरी कोणाची हरकत नाही. फक्त आगीपासून आणि रस्त्यापासून लांब धरायचं.

मोबाइलबद्दल मी इथे भाषण देणार नाही. तुम्ही ते सगळीकडे ऐकता. एवढंच म्हणते, की हॉटेलात बसलेल्या मुलासमोर जे चाललेलं असतं ते फुकटचं शिक्षण असतं. एक माणूस पाच टेबलांच्या ऑर्डरी न लिहिता लक्षात ठेवतोय. गल्ल्यावरचा कागद न घेता बेरीज करतोय. तव्यावरून रोटी काढून तिला तूप लावेपर्यंत किती सेकंद लागतात. मोबाइल समोर ठेवला की हे सगळं पडद्यामागे जातं, आणि भात तोंडात कधी गेला हेही पोराला कळत नाही.

माझी नणंद जर्मनीत असते. तिचा मुलगा आमच्या धाकट्याच्या वयाचा. रविवारी आमचा व्हिडिओ कॉल झाला की दोघींचं हेच चालतं, तुझा काय जेवला, माझा काय जेवला. तिच्याकडे हॉटेलात बेबी चेअर मागितली की लगेच मिळते, मुलाला रंगवायला कागद आणि खडू मिळतात, पण साध्या पाण्याचेही पैसे पडतात. आणि मूल मोठ्याने रडलं की सगळं हॉटेल गप्प होऊन बघतं, त्याचंच तिला जास्त दडपण. तिने एक छान गोष्ट सांगितली. तिकडे पुष्कळ ठिकाणी मेनूकार्डावर 'रॉयबरटेलर' म्हणून पदार्थ असतो. म्हणजे दरोडेखोराची थाळी. त्यात येतं काय? नुसती रिकामी ताटली आणि काटा-चमचा. मुलाने आईबापांच्या ताटांवर दरोडा घालायचा आणि हवं ते लुटून आपल्या ताटलीत घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी पैसे नाहीत. मी ऐकून इतकी हसले, कारण आमच्याकडे थाळीच्या हॉटेलात भिंतीवर पाटी असते, 'एका थाळीत दोघांनी जेवू नये'. आणि तीन वर्षांच्या पोराने आईच्या ताटातला पापड मोडला की वाढपी गल्ल्याकडे बघतो.

जपानमध्ये तर मुलांसाठी वेगळं ताटच आहे. टोकियोच्या मित्सुकोशी नावाच्या मोठ्या दुकानाच्या उपाहारगृहात १९३० साली ते सुरू झालं. एकाच ताटलीत थोडं थोडं सगळं, आणि भाताच्या मुदीवर टोचलेला छोटा कागदी झेंडा. दुकानात आलेल्या घरांतल्या मुलांना मोठ्यांच्या ताटातलं उरलंसुरलं न देता त्यांचं त्यांचं ताट द्यावं, ही कल्पना. झेंड्याला काय खर्च येतो? पण पोराला कळतं, हे माझं आहे.

आमच्या हायवेवर झेंडा नाही, खडू नाही, बेबी चेअर हजारात एका ठिकाणी. मात्र एक गोष्ट आहे जी नणंदेला तिकडे मिळत नाही. पोरगं रडायला लागलं की वेटर त्याला उचलून घेतो. 'चल, तुला भट्टी दाखवतो' म्हणून आत नेतो. आपलं जेवण होईपर्यंत ते पोरगं तंदूरसमोर पिठाचा गोळा हातात घेऊन बसलेलं असतं. तिला हे सांगितलं तर ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "वहिनी, इथे असं कोणी उचललं तर मी पोलिसांना बोलवेन."

ही उचलून घेणारी मुलं कोण असतात, हे मला इथे सांगायचं आहे.

एका रविवारी आम्ही चौघं जेवायला बसलो. टेबल पुसायला एक मुलगा आला आणि फडकं एकदम पाठीमागे लपवून उभा राहिला. "बाई," म्हणाला. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला चौथीचा वर्ग मिळाला होता, त्यातला तो. आता विशीचा. मिसरूड फुटलेलं, गळ्यात हॉटेलचं नाव छापलेला ॲप्रन. दहावीत इंग्रजी आणि गणित राहिलं, मग उंबरगावला कंपनीत, मग इथे. मी त्याची चौकशी करत होते तेवढ्यात आमच्या धाकट्याने, तेव्हा तो तीन वर्षांचा, शेजारच्या टेबलावरच्या काकांसारखीच मान वर करून हाक मारली, "ए, पाणी!"

तो हसला आणि पाणी आणायला गेला. मी धाकट्याला जवळ घेऊन सांगितलं, हा दादा माझ्या वर्गात होता, ह्याला मी बाराखडी... नाही, बाराखडी त्याला आधीच्या गुरुजींनी शिकवली, मी भागाकार शिकवला. तुला पाणी हवं तर 'दादा, पाणी द्या' म्हणायचं. तो परत आला तेव्हा धाकट्याने म्हटलं. हिने नाही, ह्यांनी नाही, त्याने स्वतः. त्यानंतर आमच्याकडे तेच चालू आहे. जे हवं ते ज्याला हवं त्याने मागायचं, दादा-काका-भाई म्हणून मागायचं, आणि आणून दिलं की त्या माणसाकडे बघायचं. बोबडं असलं तरी चालेल. आई-पप्पा मध्ये बोलणार नाहीत. कधी वाडग्याऐवजी वाटी येते, कधी दह्याऐवजी ताक येतं. येऊ दे.

निघताना मी त्या मुलाला म्हटलं, आमच्या पोरांनी टेबलाची पार वाट लावली रे. तो म्हणाला, "पोरांनी सांडलेलं पुसता येतं, बाई." पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी शाळेत गेले आणि तिसरी-चौथीच्या वर्गात विचारलं, हॉटेलात खुर्चीवर बसून कोण कोण जेवलंय? १९ मुलं. २ हात वर. त्यातला एक हात वडापावच्या गाडीवर उभं राहून खाल्लेल्याचा निघाला.

आमची शाळा महामार्गापासून दोन किलोमीटरवर. रात्री पाड्यावरून हॉटेलांचे लाल-निळे दिवे दिसतात. त्या हॉटेलांच्या शेडची वीट ह्यांच्या बापांनी वाहिली आहे. आया-मावश्या मागच्या बाजूला कांदे सोलतात, भांडी घासतात. एप्रिल-मेमध्ये हीच मुलं करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन त्या हॉटेलांसमोर उभी असतात. काच खाली करून गाडीवाले विकत घेतात आणि जेवायला आत जातात. ही मुलं दाराच्या बाहेर. माझ्या भाच्याला जर्मनीतलं हॉटेल परकं वाटत नाही, तो तिथेच जन्मला. ह्या मुलांना मात्र दोन किलोमीटरवरचं दार परकं होतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कोसबाडची टेकडी बघितली असेल. डहाणू आणि घोलवडच्या मध्ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आपण डीएड करताना हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. इथे राहायला आल्यावर ते अंतर पायांना कळतं. माँटेसरीच्या पद्धतीत पाणी ओतणं, वाढणं, ताट मांडणं, खरकटं पुसणं हा अभ्यासच असतो, आणि तो खऱ्या भांड्यांनी करायचा असतो. तेव्हा मी म्हटलं, मुलं हॉटेलात जात नाहीत ना, मग हॉटेल व्हरांड्यात आणू.

आठवडाभर शेवटच्या तासिकेला आमचं हॉटेल चाललं. फळ्यावर मेनूकार्ड मुलांनीच लिहिलं. चहा १०, भजी २०, वडापाव १५, डाळभात ४०, चिकन १००, सुकटीचं कालवण ३०. एकाने ताडी लिहू का विचारलं. मी म्हटलं, मग आपलं हॉटेल बंद होईल आणि माझी नोकरीही. नागलीच्या भाकरीला कोणी ५ रुपयांच्या वर जाईना. "घरात रोज असते ती, तिचं काय एवढं!" मी सांगितलं, हायवेवर हीच 'नाचणी रोटी' म्हणून कितीतरी जास्त भावाने विकतात. वर्गात एकदम शांतता. मग एका मुलीने पुढे येऊन ५ पुसलं आणि ५० लिहिलं. त्या आठवड्यात बेरीज, गुणाकार, सुट्टे पैसे परत देणं एवढं झालं की स्वाध्याय पुस्तिका उघडायची गरज पडली नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा आठवड्यातून दोन दिवस तरी गैरहजर असतो. वाचन अडखळत. मूल्यांकनाच्या तक्त्यात त्याचं नाव नेहमी खालच्या रांगेत. त्याचा मोठा भाऊ हॉटेलात कामाला. खेळात तो वेटर झाला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. एका हाताच्या पाच बोटांत चार ग्लास. सहा जणांची ऑर्डर एकदा ऐकली आणि न चुकता आत जाऊन सांगितली. हिशेब तोंडी. मुलं त्याच्याकडे जाऊन विचारायला लागली, 'हे कसं धरायचं?' मग पाळी बदलली आणि तो गिऱ्हाईक झाला. खुर्चीत मागे रेलला, पायावर पाय टाकला, चुटकी वाजवली आणि ओरडला, "ए छोटू! फडका मार इधर!" सगळा वर्ग खो खो हसला. तो हसत नव्हता. अगदी हुबेहूब करत होता.

मी लगेच थांबवलं नाही. हसणं संपू दिलं आणि वर्गाला विचारलं, आपण गिऱ्हाईक झालो तर कसं बोलायचं? चर्चेला अर्धा तास गेला. ठरलं असं, की दादा म्हणायचं, एकाने बोलत असताना दुसऱ्याने ओरडायचं नाही, आणि पुसायला सांगायची वेळ आली तर आपणही हात लावायचा. शेवटचा मुद्दा त्या मुलाचाच.

एक मुलगी मात्र काही केल्या बोलेना. तिला हवं ते ती बोटाने दाखवायची. वर्गातही तिचं तसंच. मराठी कळतं, पण बाहेर येत नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या भाषेत माग. तिथे वाढणारे दादा तुझ्याच भाषेतले असतात.

जानेवारीत सहल नेली. बोर्डीचा किनारा, घोलवडच्या चिकूच्या वाड्या. डहाणू घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे मुलांना सांगितलं, पण मुलांना पाडाखाली पडलेले चिकू वेचण्यात जास्त रस. दुपारी परतीच्या वाटेवर एका हॉटेलात थाळी सांगून ठेवली होती. १९ मुलं, आम्ही दोन शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे एक पालक. २२ थाळ्या, दर आधी ठरलेला.

दारात पोचलो. गल्ल्यावरच्या माणसाने मुलांच्या पायांकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्यांना मागे शेडमध्ये बसवा ना. पत्रावळी देतो, पटापट होईल. इथे फॅमिली येतात."

हळू आवाजात बोलला, पण पहिल्या रांगेतल्या मुलांनी ऐकलं. समितीचे पालक तर चपला काढून मागे वळलेही होते. मी त्या माणसाला म्हटलं, शेडमध्ये बसायचं असतं तर आम्ही शाळेतून खिचडीच बांधून आणली असती. २२ थाळ्यांचे पैसे टेबलावरच्या जेवणाचे ठरलेत. त्याने खांदे उडवले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, 'पाय धुवू या', आणि सगळी रांग आपणहून बाजूच्या नळाकडे गेली. एकेक करून पाय धुतले, ओल्या पायांचे ठसे फरशीवर उमटवत आत आली आणि बसली.

हॉटेलवाल्याला ज्याची भीती होती तसलं काही झालं नाही, हे मला आधीच माहीत होतं. ही मुलं रोज दुपारी शाळेत पंगतीला बसतात. सरकारी हिशेबाने प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. ते पोटात जातं की नाही ह्याच्या नोंदी आपण ठेवतो. पण त्या पंगतीत मुलं आणखी एक गोष्ट रोज शिकतात. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं, श्लोक म्हणायचा, लहानांना आधी वाढायचं. माझ्या घरच्या दोघांना हॉटेलात जे दहा मिनिटं जमत नाही ते ह्यांना जमतं. खुर्च्या उंच होत्या, पाय लोंबकळत होते, पण २० मिनिटं जेवण येईपर्यंत एकही मूल उठलं नाही. आमचा वेटर मेनूकार्ड हातात घेऊन मोठ्याने वाचत बसला होता. अडखळत, पण पान सोडत नव्हता. 'पनीर' आलं की पुढचा शब्द अंदाजाने ठोकायचा.

ती मुलगी माझ्या समोरच्या टेबलावर. भात संपला होता. वाढपी भाताचं पातेलं घेऊन पुढून गेला, तिने बघितलं. दुसऱ्यांदा गेला, बघितलं. मी ताटात मान घालून जेवत राहिले, हे सगळ्यात अवघड काम. तिसऱ्यांदा तो आला आणि ती म्हणाली, "दादा, भात." वारलीत म्हणाली की मराठीत, ते मला त्या गोंगाटात ओळखता आलं नाही. तो थांबला, वाकला, तिच्या भाषेत काहीतरी बोलला. ती खुदकन हसली. भाताचा डोंगर घातला त्याने. तिला तो संपला नाही, शेजारणींनी वाटून घेतला.

बिल आलं. मुलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बिल आम्ही तपासणार. चौघं कागदावर डोकी घालून बसली. थाळ्या २२, बरोबर. ताक २२ ग्लास, १५ रुपयांप्रमाणे. "बाई, ताक सगळ्यांनी नाही घेतलं." टेबलाटेबलावर जाऊन ग्लास मोजले. १७ भरले. पाच ग्लास जास्त, ७५ रुपये. आमचा वेटर बिल घेऊन गल्ल्यावर गेला. मी मागे उभी होते, बोलले नाही. तो म्हणाला, "काका, ताक १७ आहे." त्या माणसाने एकदा त्याच्याकडे, एकदा टेबलांकडे बघितलं आणि पेनाने आकडा दुरुस्त केला.

परतीच्या गाडीत मुलं गाणी म्हणत होती. हा मात्र माझ्याजवळ येऊन बसला. "बाई, त्यांनी आपल्याला मागे का बसायला सांगितलं?"

मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पायाला वाळू होती ना आपल्या."

तो म्हणाला, "कारवाल्यांच्या पायालापण होती."

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर आम्ही ह्या विषयावर बोललो. बराच वेळ. मुलांनी काय काय कारणं काढली ती सगळी इथे लिहीत नाही. काही ऐकून माझाच आवाज बसला. शेवटी पत्रलेखनाचा घटक बाकी होता म्हणून आम्ही हॉटेलला पत्र लिहायचं ठरवलं. ५० पैशांचं पोस्टकार्ड, त्यामुळे मोजकं लिहावं लागलं. वर्गाने एकेक वाक्य सुचवलं. जेवण चांगलं होतं. भात परत मागितला तर दिला, वाढणाऱ्या दादांना नमस्कार सांगा. ताक मोजून लावावे. पाय धुवायला नळ दाराजवळ घ्यावा, सगळ्यांना उपयोगी पडेल. पुढच्या वर्षी येऊ आणि आत बसू. खाली १९ सह्या मावेनात, म्हणून 'तिसरी व चौथी' एवढंच लिहिलं.

उत्तर आलं नाही.

आता पुन्हा सहलीचे दिवस आले आहेत. यंदा मुलांना हॉटेल निवडायला सांगितलं तर त्यांनी तेच निवडलं. व्हरांड्यातलं हॉटेल परवापासून सुरू झालंय, नागलीची भाकर ह्या वर्षी ६० वर गेली आहे. आमचा वेटर पाचवीला पुढच्या गावी गेला, पण शनिवारी सकाळी येऊन तो तिसरीच्या मुलांना चार ग्लास कसे धरायचे ते शिकवतो. टेबलं गेल्या वर्षीपेक्षा एक कमी लागेल. दिवाळीनंतर चार-पाच घरं वीटभट्टीवर गेली, वर्गात १४ मुलं उरलीत. फोन करून सांगायचं आहे, १४ मुलं, ३ मोठी माणसं, आतली टेबलं, आणि ताक मोजून.